दुसऱ्या पसंतीचे मोल

नऊ माणसांचे घर. मे महिन्याच्या सुटीत कुठे जायचे, यावर रात्रीची जेवणे झाल्यावर बैठक बसते. चौघे म्हणतात महाबळेश्वर, तिघे म्हणतात गणपतीपुळे आणि दोघे म्हणतात अलिबाग. सर्वाधिक मते महाबळेश्वरला, तेव्हा तिकडचेच आरक्षण करायचे का? नियमाने तसे करता येईल. पण मग उरलेले पाच जण हिरमुसतील. कारण त्या पाचांनाही हवा आहे समुद्रच. कोणत्या किनाऱ्यावरचा, एवढाच काय तो त्यांच्यातला मतभेद. अशा वेळी घरातले एखादे शहाणे माणूस अलिबागवाल्या दोघांना विचारते, "अलिबाग नाही जमले तर तुमचे काय म्हणणे?" ते म्हणतात, "मग गणपतीपुळे." पाच विरुद्ध चार. निर्णय होतो. महाबळेश्वरवाले थोडे कुरकुरतात, पण सुटी लागली की सगळ्यांबरोबर गाडीत बसतात.

घराघरांत विचारला जाणारा हा साधा प्रश्न, "तुमचे पहिले नाही जमले तर दुसरे काय?", आपण विधानसभेला किंवा लोकसभेला मत द्यायला जातो तेव्हा आपल्याला कोणी विचारीत नाही. एक बटण दाबायचे आणि बाहेर पडायचे. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो निवडून आला. मग त्याच्या विरोधात साठ टक्के लोक का असेनात!

अमेरिकेतही बहुतेक राज्यांत हीच रीत आहे. पण तेथील दोन राज्यांनी, मेन आणि अलास्का यांनी, हा दुसरा प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापला. उमेदवारांच्या नावांसमोर पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती नोंदवायची. कोणालाच निम्म्याहून अधिक पहिली मते मिळाली नाहीत, तर सर्वात मागे असलेला उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतदारांची पुढची पसंती ज्यांना असेल त्यांच्या पारड्यात ती मते टाकायची. कोणीतरी अर्धी रेषा ओलांडीपर्यंत हे चालू ठेवायचे. सांगायला चार वाक्ये पुरतात. पण या चार वाक्यांवरून अमेरिकेतल्या राज्याराज्यांत गेली काही वर्षे जो वाद पेटला आहे, तो कोर्टापर्यंत गेला, सार्वमतापर्यंत गेला आणि अजून शमलेला नाही. तो वाद समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात प्रश्न केवळ मोजणीच्या पद्धतीचा नाही. मतदाराने मनातले मत द्यायचे की भीतीपोटी मत द्यायचे, आणि हरलेल्याने निकाल कशाच्या बळावर मान्य करायचा, हे त्यातले खरे प्रश्न आहेत.

एका गव्हर्नरची गोष्ट

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे छोटे राज्य. तेथे २०१० साली गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडलेला राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्याच्या तोडीचा. त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे पॉल लपाज यांना सुमारे ३८ टक्के मते मिळाली. एलियट कटलर हे अपक्ष सुमारे ३६ टक्क्यांवर राहिले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार सुमारे १९ टक्क्यांवर. लपाज निवडून आले. दहांतल्या सहा मतदारांनी ज्यांना मत दिले नव्हते, ते राज्याचे प्रमुख झाले. नियमाप्रमाणे त्यात काहीच गैर नव्हते. पण मतविभागणीची ही बोच लोकांच्या मनात राहिली. २०१६ साली तेथील मतदारांनी सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत मंजूर केली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की, राज्याच्या घटनेत "सर्वाधिक मते मिळालेला उमेदवार विजयी" असा अर्थ असल्याने गव्हर्नर आणि राज्य विधिमंडळाच्या मुख्य निवडणुकीला ही पद्धत लावता येणार नाही. म्हणजे ज्या पदासाठी हा खटाटोप झाला, नेमके तेच पद बाहेर राहिले! विधिमंडळाने तर सारी पद्धतच लांबणीवर टाकण्याचा कायदा केला. तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून पुन्हा सार्वमत घडवून आणले आणि जून २०१८ मध्ये विधिमंडळाचा तो निर्णय मोडीत काढला. त्यामुळे पक्षांतर्गत निवडणुकांना आणि देशाच्या संसदेसाठी होणाऱ्या निवडणुकांना पसंतीक्रम लागू झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कसोटीचा प्रसंग आला. मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन खासदार ब्रूस पॉलिक्विन पहिल्या मोजणीत सुमारे २,१०० मतांनी पुढे होते. पण निम्मी मते ना त्यांना मिळाली होती, ना डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॅरेड गोल्डन यांना. दोन अपक्षांनी मिळून २३ हजारांवर मते घेतली होती. या अपक्षांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि गोल्डन साडेतीन हजार मतांनी निवडून आले. मतदान ६ नोव्हेंबरला झाले, निकाल लागला १५ नोव्हेंबरला. गावोगावच्या मतपत्रिका आणि यंत्रांतल्या नोंदी ऑगस्टा या राजधानीत आणून संगणकावर ही मोजणी झाली होती. पहिल्या रात्री पुढे असलेला माणूस नवव्या दिवशी हरतो, हे पॉलिक्विन यांच्या पाठीराख्यांना पचणे कठीण होते. ते न्यायालयात गेले. संघराज्याच्या न्यायाधीशांनी त्यांची मागणी फेटाळली.

या प्रकरणातला शेवटचा तपशील विसरता येणार नाही असा आहे. गोल्डन यांच्या निवडीच्या प्रमाणपत्रावर राज्याच्या गव्हर्नरची सही लागते. गव्हर्नर अजून लपाजच होते. त्यांनी सही केली आणि शेजारी स्वतःच्या हाताने "चोरलेली निवडणूक" अशा अर्थाचा शेरा मारला. सुमारे ३८ टक्के मतांवर पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना निम्म्याहून अधिक मतांचा आग्रह धरणारी पद्धत चोरीची वाटली! वाचकाला यात विनोद दिसेल. पण तेवढ्यावर सोडून देऊ नये. त्या शेऱ्यामागे हजारो मतदारांचा खराखुरा अविश्वास होता, आणि कोणत्याही मतदानपद्धतीपुढे हा अविश्वास हाच सर्वात मोठा प्रश्न असतो.

बर्फाळ राज्यातील दोन धडे

दुसरे राज्य अलास्का. तेथे २०२० साली ही पद्धत सार्वमतात सुमारे ३,८०० मतांच्या निसटत्या बहुमताने मंजूर झाली. राज्याच्या गव्हर्नरपासून विधिमंडळापर्यंत साऱ्या निवडणुकांना ती लागू झाली. आधी सर्व पक्षांची मिळून एकच प्राथमिक फेरी, तीतून पहिले चार उमेदवार वर काढायचे आणि मुख्य निवडणुकीत त्या चौघांना पसंतीक्रम द्यायचा, अशी तेथली रचना.

मार्च २०२२ मध्ये अलास्काचे खासदार डॉन यंग यांचे निधन झाले. १९७३ पासून, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, ती जागा त्यांच्याकडे होती. ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेरी पेल्टोला यांना सुमारे ४० टक्के पहिली मते मिळाली. रिपब्लिकन पक्षाच्या दोघांपैकी माजी गव्हर्नर सेरा पेलिन यांना ३१ आणि निक बेगिच यांना सुमारे २८. दोघांच्या मतांची बेरीज केली तर रिपब्लिकन विजय ठरलेला. प्रत्यक्षात तिसरे आलेले बेगिच बाद झाले आणि त्यांच्या मतदारांपैकी निम्म्यांनीच पेलिन यांना दुसरी पसंती दिली होती. तीन दशांशांच्या आसपास मतदार पेल्टोलांकडे वळले, तर ११ हजारांवर लोकांनी पुढची पसंतीच लिहिली नव्हती. पेल्टोला सुमारे पाच हजार मतांनी जिंकल्या.

समर्थक म्हणाले, पाहा, एका पक्षाचे मतदार म्हणजे मुकाट्याने हाकता येणारा कळप नव्हे, हे सिद्ध झाले. विरोधक म्हणाले, साठ टक्के मते रिपब्लिकनांना पडली आणि निवडून आली डेमोक्रॅट, हा कुठला न्याय? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या निवडणुकीतला सर्वात बारीक धडा वेगळाच आहे. नंतर सर्व मतपत्रिका तपासून पाहिल्या तेव्हा दिसले की, बेगिच आणि पेल्टोला अशी समोरासमोर लढत झाली असती तर बेगिच जिंकले असते. बेगिच आणि पेलिन अशी झाली असती तरीही बेगिचच. म्हणजे दोघांनाही हरवू शकणारा उमेदवार पहिल्याच फेरीत बाद झाला होता. आपल्या त्या नऊ जणांच्या घरातही हे घडू शकते. समजा, सगळ्यांची दुसरी पसंती नाशिक आहे, पण पहिली पसंती फक्त दोघांचीच. नाशिक आधीच बाद होईल आणि ज्याला कोणाचीच फारशी हरकत नव्हती, तेच ठिकाण हातचे जाईल. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत नेमके असेच झाले होते. तेथील लोकांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत मोडीत काढली आणि २०२१ मध्ये नगरपरिषदेपुरती ती पुन्हा आणली.

अलास्कातही २०२४ साली ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. तो साडेसातशेहूनही कमी मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी त्याच पद्धतीने झालेल्या निवडणुकीत बेगिच यांनी पेल्टोला यांचा पराभव केला. म्हणजे ही पद्धत एका विशिष्ट पक्षाच्या सोयीची आहे, हा आरोप तिने स्वतःच खोडून काढला.

मात्र देशभरचा कल त्या वर्षी उलटा दिसला. ओरेगन, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडा या चार राज्यांच्या मतदारांनी अशा स्वरूपाचे प्रस्ताव नाकारले. नेवाडात तर दोनच वर्षांपूर्वी तोच प्रस्ताव मंजूर झाला होता. मिसुरीने घटनादुरुस्ती करून या पद्धतीवर जवळजवळ बंदीच घातली. पण तेथे मतदारांपुढे ठेवलेल्या एकाच प्रश्नात "नागरिक नसलेल्यांना मतदान नको" हे कलमही जोडलेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांच्या विधिमंडळांनी २०२२ मध्येच बंदीचे कायदे केले होते.

आपल्याकडची जांभळी शाई

हे सारे वाचताना कोणाला वाटेल, की हा दूरदेशीचा चमत्कारिक प्रयोग आहे. वास्तविक आपल्या राज्यघटनेत ही पद्धत पहिल्या दिवसापासून आहे. राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुका पसंतीक्रमानेच होतात. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी राज्यपालनियुक्त १२ सोडल्या तर उरलेल्या ६६ जागा याच रीतीने भरल्या जातात. पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्या वाचकांना ते जांभळ्या शाईचे पेन आठवत असेल. त्याच पेनाने आकड्यात १, २, ३ लिहायचे. "एक" असे अक्षरात लिहिले, नुसती बरोबरची खूण केली किंवा सही ठोकली, की मत बाद. पदवी घेतलेल्या माणसांचीही हजारो मते अशी बाद होतात, हे आपण दर निवडणुकीत वाचतो.

दुसऱ्या पसंतीचे सर्वात गाजलेले उदाहरणही आपल्याकडचेच आहे, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींच्या मनातले व्ही. व्ही. गिरी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते मिळाली. विजयाला हवी होती ४,१८,१६९. देशमुख आणि इतर बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यातला फार मोठा वाटा रेड्डींना गेला, तरी गिरींना जेवढी कमी होती तेवढी मते मिळाली आणि ते ४,२०,०७७ वर पोचले. एका निवडणुकीने काँग्रेस पक्ष दुभंगण्याची वाट मोकळी केली, आणि ती दुसऱ्या पसंतीवर ठरली.

अलीकडचे उदाहरण २०२२ मधल्या राज्यसभा निवडणुकीचे. महाराष्ट्रातून सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक यांच्यात लढत होती. पहिल्या पसंतीची मते पवारांना अधिक होती. पण विजयी झाले महाडिक, आपल्या पक्षाच्या इतर विजयी उमेदवारांची जादा मते दुसऱ्या पसंतीने वळल्यामुळे. त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या किती जणांना हे गणित उमगले असेल? आमदारांना, त्यांच्या पक्षप्रतोदांना ते पाठ होते. सामान्य माणसाला फक्त एवढेच दिसले, की ज्याला जास्त मते तो हरला. ऑगस्टा शहरातल्या निकालाने पॉलिक्विन यांच्या मतदारांना असेच वाटले असणार.

संविधान सभेत लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची आणि संक्रमणीय मताची सूचना आली होती. अशा पद्धतीसाठी मोठ्या प्रमाणावर साक्षरता असावी लागते, असे म्हणून डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. बहुसंख्य मतदारांना उमेदवाराचे नावही वाचता येणार नव्हते, अशा देशात बैल, झोपडी, दिवा अशा चिन्हांवर पहिली निवडणूक घ्यावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सावधपणाचे मोल कळते. आज परिस्थिती बदलली आहे. तरी बाद होणाऱ्या त्या पदवीधर मतांकडे पाहिले, की आकडे वाचता येणे आणि पद्धत उमजणे यांत अंतर आहे हे मान्य करावे लागते.

मग कौल कोणाला?

आमच्या मते या पद्धतीच्या समर्थकांनी पहिली गोष्ट करायला हवी ती म्हणजे अतिशयोक्ती थांबवणे. "प्रत्येक विजेत्याला निम्म्याहून अधिक लोकांचा पाठिंबा" हे त्यांचे आवडते वाक्य पूर्ण खरे नाही. गोल्डन यांना शेवटी मिळालेली १,४२,४४० मते म्हणजे शेवटच्या फेरीत उरलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक. पण त्या निवडणुकीत पडलेल्या एकूण वैध मतांशी ताडून पाहिली तर निम्म्याहून किंचित कमीच. ज्यांनी पुढची पसंती लिहिली नाही, ते मोजणीतून मध्येच गळले. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधीगृहासाठी सर्व उमेदवारांना क्रमांक देणे सक्तीचे असल्याने हा प्रश्न तितका येत नाही. पण तेथे ही पद्धत १९१८ पासून मुरलेली आहे आणि १९२४ पासून मतदानच सक्तीचे आहे. शंभर वर्षांच्या सवयीची बरोबरी दोन निवडणुकांत होत नाही. तसेच, ही पद्धत आली की राजकारणातली कटुता आपोआप संपेल, हेही खरे नाही. अलास्काच्या सिनेटमध्ये २०२२ नंतर दोन्ही पक्षांच्या १७ सदस्यांनी मिळून आघाडी केली, हे खरे. पण तशा आघाड्या तेथे पूर्वीही झाल्या होत्या.

मग या पद्धतीत राहते काय? राहते ती एकच गोष्ट, पण मोलाची. "पडणाऱ्या उमेदवाराला मत देऊन मत वाया घालवू नका," हे वाक्य आपण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. घरातली वडील मंडळी सांगतात, पक्षाचे कार्यकर्ते सांगतात. मग माणूस ज्याच्याबद्दल आदर आहे त्याला मत न देता, ज्याची भीती कमी वाटते त्याला मत देतो. वर्षानुवर्षे असे करून चांगला उमेदवार कधी उभाच राहू नये, अशी व्यवस्था आपणच पक्की करतो. पसंतीक्रम मतदाराला या भीतीतून बऱ्याच अंशी सोडवतो. पहिले मत मनातल्या माणसाला, दुसरे व्यवहाराला. पूर्णपणे सोडवतो असे नाही, अलास्कात बेगिच यांचे काय झाले ते आपण पाहिलेच. पण आजच्या एका खुणेपेक्षा तो नक्कीच जास्त बोलू देतो.

म्हणून ज्या राज्यांनी ही पद्धत घेऊन पाहिली आहे, त्यांना ती काही निवडणुका तरी चालवू द्यावी. मतदारांनी ती आजमावून नाकारली तर प्रश्नच नाही. बर्लिंग्टनच्या लोकांनी तसे केले आणि पुन्हा विचारही बदलला. पण फ्लोरिडासारख्या राज्यात विधिमंडळाने बंदी घालून गावांना, शहरांनाही प्रयोग करू न देणे, हे योग्य नव्हे. आपण ज्या नियमाने निवडून आलो तो नियम बदलू नये, असे वाटणे सत्ताधाऱ्याला स्वाभाविक असते. म्हणूनच या बाबतीत त्याच्या मताला कमी वजन द्यायला हवे.

आणि ज्यांना ही पद्धत हवी आहे, त्यांनी मोजणीवर सर्वात जास्त खर्च करावा. ऑगस्ट २०२२ मध्ये अलास्काच्या निवडणूक विभागाने पसंतीची मोजणी थेट प्रक्षेपित केली. कोण बाद झाले, त्याची मते कुठे गेली, हे लोकांना दिसत होते. उलट न्यूयॉर्क शहरात २०२१ साली महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत चाचणीसाठी वापरलेली सुमारे १ लाख ३५ हजार मते चुकून मोजणीत मिसळून जाहीर झाली, ती मागे घ्यावी लागली. चूक पद्धतीची नव्हती, कार्यालयाची होती. पण लोकांनी दोष पद्धतीला दिला, आणि तसे होणारच. जी मोजणी शाळेतल्या फळ्यावर मांडून दाखवता येत नाही, तिच्यावर हरलेल्या माणसाने विश्वास का ठेवावा?

आपल्याकडे लगेच विधानसभेला पसंतीक्रम आणावा, असे आम्ही म्हणणार नाही. पण जी पद्धत आपण आमदार, खासदार आणि पदवीधर यांना इतकी वर्षे दिली आहे, ती इतरांना का नको, हा प्रश्न तरी विचारला जावा. गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षाच्या किंवा शाळेतल्या वर्गप्रतिनिधीच्या निवडीत ती वापरून पाहायला कोणाची हरकत असणार? मुलांना त्यातून गणितही कळेल आणि दुसऱ्याचे ऐकून घेणेही.

शेवटी त्या नऊ जणांच्या घराकडे वळू. महाबळेश्वरवाले चौघे गाडीत बसले, ते गणपतीपुळे त्यांना अचानक आवडू लागले म्हणून नव्हे. अलिबागवाल्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी कानांनी ऐकला होता आणि बोटे मोजलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढच्या वर्षी आपलीही दुसरी पसंती अशीच विचारली जाईल, याची त्यांना खात्री होती.